उपस्थाता दूरस्थ असू शकतो काय? : परिचर्येची ऑनलाइन पदवी आणि रुग्णशय्येजवळचे शिक्षण

परिचर्येची पदवी ऑनलाइन पद्धतीने देता येईल काय, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकीय प्रशासन आणि शिक्षणशास्त्र यांच्या कक्षेतला मानला जातो. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु असा अभ्यासक्रम सुरू करताना जो पेच उभा राहतो, तो मुळात संहितेच्या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा पेच आहे. लिखित शब्दाने काय पोहोचवता येते, काय पोहोचवता येत नाही, आणि जे शब्दाने पोहोचत नाही ते विद्यार्थिनीपर्यंत पोहोचले आहे याची ग्वाही पुन्हा शब्दांतच कशी नोंदवली जाते, हे तिन्ही मुद्दे येथे एकाच वेळी समोर येतात. शिवाय अन्य विषयांत संहितेचा अन्वय चुकला तर परीक्षेतील गुण कमी होतात. येथे चुकलेल्या अन्वयाची किंमत तिसऱ्याच माणसाला, म्हणजे खाटेवर पडलेल्या रोग्याला, मोजावी लागते.

आरंभी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यातील उपस्थाता म्हणजे आजच्या भाषेत परिचारक किंवा परिचारिका. त्याच्या ठायी चार गुण अपेक्षिले आहेत : उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य म्हणजे हाताचे कौशल्य, अनुराग आणि शौच. सुश्रुताने याच पादासाठी परिचारक हा शब्द योजिला आहे. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा आणि परिचारक म्हणजे भोवती वावरणारा. दोन्ही शब्दांच्या घडणीतच अंतराचा निषेध आहे. इंग्रजीतील 'नर्स' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ पोषण करणे, दूध पाजणे असा आहे; तेथेही देहाची निकटता गृहीतच धरलेली आहे. मराठी रुग्ण मात्र व्यवहारात या तिन्ही शब्दांना बाजूला सारून 'सिस्टर' म्हणतो, आणि पुरुष परिचारक असला तर 'ब्रदर'. ख्रिस्ती सेवासंघांतून रुग्णालयात आलेले हे संबोधन नात्याचे आहे, कामाचे नाही, हे सहज लक्षात येणारे आहे.

चरकाच्या चार गुणांपैकी पहिला गुण पडद्यावरून देता येतो, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. शरीररचना, औषधशास्त्र, जंतुशास्त्र, आहारशास्त्र हे विषय छापील पाठांतून, ध्वनिचित्रफितींतून, ऑनलाइन व्याख्यानांतून उत्तम प्रकारे शिकवता येतात. वाद आहे तो दाक्ष्याविषयी. शीर कोठे सापडेल, ती बोटाखाली कशी लागते, सुई आत गेल्यावर हाताला जो सूक्ष्म फरक जाणवतो तो कोणता, हे वाक्यांत सांगता येते. पण वाक्य वाचून ते हाताला कळत नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द टॅसिट डायमेन्शन' या ग्रंथात अशा अनुच्चारित ज्ञानाची चर्चा केली आहे. माणसाला जितके सांगता येते त्याहून त्याला अधिक ठाऊक असते, हा त्यांच्या विवेचनाचा आशय. परिचर्येच्या शिक्षणात हे 'अधिक' इतके मोठे आहे की नियामक संस्थांना ते तासांत मोजावे लागते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी होण्यासाठी एकूण ४,६०० तासांचे शिक्षण आवश्यक मानले गेले आणि त्यातील निम्मे, म्हणजे २,३०० तास, प्रत्यक्ष कामाच्या जागी व्हावेत असा दंडक राहिला आहे. त्यामुळे 'परिचर्येची ऑनलाइन पदवी' हा शब्दप्रयोग काटेकोरपणे पाहता अपुरा आहे. ऑनलाइन असतो तो त्या पदवीचा एक भाग. उरलेला भाग वॉर्डातच घडावा लागतो.

ही विभागणी तंत्रज्ञानाने प्रथमच निर्माण केली, असे समजणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शल्यकर्माचा सराव कशावर करावा हे सांगितले आहे. छेदनकर्मासाठी भोपळा, कलिंगड, काकडी यांसारखी फळे. शिरावेधासाठी मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचे देठ. बंधनाच्या, म्हणजे पट्ट्या बांधण्याच्या सरावासाठी मनुष्याकृती बाहुला. आजच्या परिचर्या महाविद्यालयांतील कौशल्य प्रयोगशाळा आणि तेथील रबरी किंवा प्लास्टिकचे पुतळे यांचे हे स्पष्ट पूर्वरूप आहे. शास्त्र वाचून झाले तरी सरावाशिवाय शिष्य कर्माला अयोग्यच राहतो, अशी त्या अध्यायाची भूमिका आहे. ग्रंथ स्वतःच ग्रंथाच्या अपुरेपणाची कबुली देतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला विशेष अर्थपूर्ण वाटावी.

तशीच कबुली आधुनिक परिचर्येच्या आद्य ग्रंथातही आढळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. आपले पुस्तक परिचारिकांना परिचर्या शिकवण्यासाठी नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले होते. शिकवण्यासाठी त्यांनी दुसरी व्यवस्था केली : १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. या संस्थेत प्रत्येक उमेदवार परिचारिकेसाठी दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात तिचे वर्तन आणि तिने आत्मसात केलेली कामे यांचे वेगवेगळे रकाने असत, आणि मेट्रन प्रत्येक रकान्यात आपला अभिप्राय नोंदवी. पुस्तक एका बाजूला, वॉर्ड दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंना जोडणारा हा तक्ता. आज जिला लॉगबुक म्हणतात ती वही याच तक्त्याची वंशज आहे.

येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. क्रिमियन युद्धानंतर नाइटिंगेल दीर्घकाळ आजारी होत्या. आपल्या नावाच्या संस्थेत त्या क्वचितच गेल्या. संस्थेवरचा त्यांचा प्रभाव मुख्यतः पत्रांतून होता, आणि १८७२ पासून त्यांनी उमेदवार परिचारिकांना उद्देशून लिहिलेली पत्रे त्यांना वाचून दाखवली जात. म्हणजे रुग्णशय्येजवळच्या शिक्षणाचा आग्रह धरणारी व्यक्ती स्वतः मात्र दूरस्थ शिक्षिका होती. पण तिच्या पत्रांना अर्थ आला तो वॉर्डात मेट्रन आणि सिस्टर उभ्या होत्या म्हणून.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आली. येथे अडचण केवळ कौशल्याची नव्हती, स्पर्शाचीही होती. परक्याच्या देहाला, त्याच्या मलमूत्राला, रक्ताला हात लावणे हे काम जातिव्यवस्थेने आणि स्त्रीविषयक संकेतांनी हीन ठरवले होते. त्यामुळे दीर्घकाळ हा व्यवसाय प्रामुख्याने ख्रिस्ती स्त्रियांकडे राहिला. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने हिंदू कुटुंबांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हा त्या स्त्रियांना नाडी मोजण्याइतकेच घराबाहेर रात्रपाळी करणेही शिकावे लागले असणार. उंबरठा ओलांडणे हा त्या अभ्यासक्रमाचा अलिखित भाग होता. घरबसल्या मिळणाऱ्या पदवीचे आकर्षण आणि तिच्याविषयीचा संशय या दोहोंच्या मागे ही पार्श्वभूमी आहे, आणि आजच्या चर्चेत ती बहुधा वगळली जाते.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लूर येथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेचा पाया घातला. तथापि रुग्णालयांचे काम चालवले ते पदवीधरांनी नव्हे. ते चालवले पदविका घेतलेल्या परिचारिकांनी. पदविका आणि पदवी यांमधील दरी ओलांडण्यासाठी १९६३ मध्ये त्रिवेंद्रम येथे पदविकोत्तर दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पण त्यासाठी नोकरी सोडून किंवा दीर्घ रजा घेऊन महाविद्यालयात बसणे भाग होते. जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या, घर चालवणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या सिस्टरला ते शक्य नव्हते. तिच्या हातात कौशल्य होते, अनुभव होता, पण अध्यापनाकडे किंवा वरच्या पदाकडे जाणारा मार्ग पदवीच्या दाराशी येऊन थांबत होता.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नेमक्या या जागी हस्तक्षेप केला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय विद्यापीठाने १९९१ मध्ये आरोग्यविज्ञान विद्यापीठशाखा उघडली आणि १९९४ मध्ये पदविकोत्तर बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने सुरू केला. त्याच्या रचनेतील सूज्ञपणा प्रवेशाच्या अटींत दिसतो. प्रवेश सर्वांना खुला नव्हता. नोंदणीकृत, अनुभवी आणि प्रत्यक्ष सेवेत असलेल्या परिचारिकांनाच तो मिळे. दूरशिक्षण साधारणतः विद्यार्थ्याला संस्थेपासून दूर ठेवून ज्ञान त्याच्या घरी पोहोचवते. येथे विद्यार्थिनी आधीपासूनच रुग्णशय्येजवळ उभी होती. दूर होते ते विद्यापीठ. नियमित महाविद्यालयात दोन वर्षांत होणारा हा अभ्यासक्रम येथे किमान तीन वर्षांचा ठेवला गेला, आणि रुग्णालयांशी संलग्न असलेल्या परिचर्या महाविद्यालयांना अभ्यासकेंद्रे करून तेथील प्रात्यक्षिकांना उपस्थिती सक्तीची झाली.

या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने जे लेखन निर्माण झाले, त्याच्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून कोणी फारसे पाहिलेले नाही. मुक्त विद्यापीठाचे पाठ्यसाहित्य 'खंड' आणि 'घटक' अशा तुकड्यांत येते. त्यात अनुपस्थित शिक्षक संहितेच्या आत येऊन बसतो : तो वाचकाला थेट संबोधतो, मध्येच थांबवून प्रश्न विचारतो, उत्तरासाठी रिकाम्या ओळी सोडतो आणि घटकाच्या शेवटी उत्तरे देतो. संवादाचा हा आभास गुरुशिष्यसंवादाच्या रूपात रचलेल्या जुन्या शास्त्रग्रंथांची आठवण करून देतो. फरक इतकाच की तेथे शिष्याचे प्रश्नही ग्रंथकारच लिहितो आणि येथे शिष्याच्या वाट्याला रिकामी ओळ येते. या साहित्याच्या शेजारी दुसरा प्रकार असतो तो कृतिपुस्तिकेचा. तेथे संवाद संपतो आणि आज्ञार्थ सुरू होतो : हात धुवा, ओळख पटवा, रोग्याला कृती समजावून सांगा, साहित्य मांडा. पायऱ्यांची ही भाषा क्रियापदांवर चालते. विशेषणांना तिथे जागा नसते. तिसरा प्रकार लॉगबुक. त्यात वाक्येही नसतात, केवळ कृतीचे नाव, दिनांक, संख्या आणि सही. संवादाकडून आज्ञेकडे आणि आज्ञेकडून सहीकडे असा या तिन्ही लेखनप्रकारांचा उतरता क्रम आहे. जसजसे शब्द कमी होतात तसतसे हाताचे काम वाढते. सर्वांत कमी शब्दांची ही वहीच परवान्याच्या दृष्टीने सर्वांत वजनदार असते.

सहीचे हे वजन कोणाच्या उपस्थितीतून येते, या प्रश्नाची निरनिराळ्या देशांनी दिलेली उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००२ मध्ये नोंदणीपूर्व परिचर्या अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णालयांत साहाय्यक म्हणून आधीच काम करणारे कर्मचारी त्यात प्रवेश घेत आणि त्यांची नोकरी देणारी संस्थाच त्यांना पुरस्कृत करी. विद्यार्थ्याला त्याच्या कामाच्या जागी भेटणारा मार्गदर्शक नेमला जाई. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थेशी याचे साम्य उघड आहे, पण एक महत्त्वाचा भेद आहे : भारतातील विद्यार्थिनी आधीच परवानाधारक परिचारिका होती, ब्रिटनमधील विद्यार्थ्याला पहिला परवाना याच मार्गाने मिळायचा होता. म्हणून तेथे मार्गदर्शकाची जबाबदारी कितीतरी अधिक.

अमेरिकेत १९९७ मध्ये १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून स्थापन केलेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठाने २००९ च्या सुमारास कॅलिफोर्नियापासून आरंभ करून परवानापूर्व परिचर्येचा जो अभ्यासक्रम चालू केला, तो ऑनलाइन पदवी आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण यांच्या संयोगाचे बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण ठरेल. तात्त्विक भाग संपूर्णपणे ऑनलाइन, कौशल्यांचा प्राथमिक सराव प्रयोगशाळेत, आणि त्यानंतर रुग्णालयात एका विद्यार्थ्यामागे एक 'कोच'. हा कोच म्हणजे त्याच वॉर्डात नेहमी काम करणारी परिचारिका. तिची जी पाळी तीच विद्यार्थ्याची पाळी. पारंपरिक महाविद्यालयात एक निदेशिका आठ-दहा विद्यार्थिनींचा गट घेऊन वॉर्डात येते आणि त्या गटाचा बराच वेळ 'मॅडम मोकळ्या होण्याची' वाट पाहण्यात जातो, हे ज्यांनी रुग्णालय जवळून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. त्या तुलनेत व्याख्यान पडद्यावर गेल्यामुळे वाचलेले मनुष्यबळ खाटेपाशी वळवणे, ही या रचनेची खरी जमेची बाजू. पडद्याने निकटता घटवलीच पाहिजे असे नाही. नीट योजना केली तर तो तिच्यासाठी जागा मोकळी करू शकतो.

याच्या नेमके उलटे उत्तर न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स मंडळाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या बाह्य पदवी योजनेतून पुढे आले. परिचर्या कोठे आणि कशी शिकलात हे तेथे विचारले जात नसे. लेखी परीक्षांनंतर रुग्णालयात सुमारे अडीच दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाई आणि परीक्षक उमेदवाराला खऱ्या रुग्णांची शुश्रूषा करताना पाही. साक्षीदाराची भूमिका येथे दोन वर्षांवरून अडीच दिवसांवर आली. एकलव्याच्या कथेशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो. गुरू शेजारी नसताना त्यानेही मातीच्या मूर्तीसमोर विद्या मिळवली, त्याचीही परीक्षा एका कृतीने झाली. आणि गुरूने मागितला तो नेमका अंगठा, म्हणजे हाताच्या कौशल्याचे मूळच. ज्याचे शिकणे पाहिले नाही त्याची विद्या मान्य करताना संस्थांना वाटणारी भीती या कथेत उघड झाली आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने पुढे पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा अभाव हे कारण देऊन या मार्गाने आलेल्यांना परवाना देण्याचे नाकारले. सगळ्याच राज्यांना ते पटले नाही, हेही खरे.

पुतळ्यांवरील सरावाने हा वाद मिटेल अशी आशा गेल्या दोन दशकांत बळावली आहे. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. दहा शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले : एका गटाचे नेहमीप्रमाणे अल्पसे, दुसऱ्याचे २५ टक्के आणि तिसऱ्याचे ५० टक्के रुग्णालयीन तास अनुरूपणात, म्हणजे पुतळे व रचलेले प्रसंग यांवर खर्ची घातले गेले. ज्ञानात आणि परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेनेही २०२३ मध्ये २,३०० पैकी ६०० तासांपर्यंत अशा सरावाला मुभा दिली. परंतु २०१४ च्या निष्कर्षाला अटी होत्या : प्रशिक्षित अध्यापक, योग्य साधने, आणि प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर उत्तरचर्चा. या उत्तरचर्चेत विद्यार्थी घडलेला प्रसंग पुन्हा सांगतो. काय दिसले, काय वाटले, कोणत्या क्षणी निर्णय घेतला. म्हणजे हाताने केलेली कृती शिक्षण ठरते ती तिचे निवेदन झाल्यावर. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या 'फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट' या ग्रंथात परिचारिकांच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्याही परिचारिकांनी सांगितलेल्या प्रसंगकथनांच्या आधारेच. परिचर्येचे शास्त्र आपल्या सर्वांत अवघड प्रश्नापाशी येऊन कथनाकडे वळले, ही गोष्ट साहित्याभ्यासाने अजून पुरेशी दखलपात्र मानलेली नाही.

भारतात मात्र धोरणाची दिशा सावध राहिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीच्या २०२० च्या नियमावलीने वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्याबरोबर परिचर्येलाही या पद्धतींच्या बाहेर ठेवले. पहिला परवाना मिळवून देणारी परिचर्येची ऑनलाइन पदवी त्यामुळे येथे उभी राहिलेली नाही. या निर्बंधाला प्रतिगामी म्हणण्याचा प्रघात आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेले प्रकरण पाहता तो घाईचा ठरेल. 'ऑपरेशन नाइटिंगेल' या नावाने झालेल्या तपासात फ्लॉरिडातील संस्थांतून ७,६०० हून अधिक बनावट परिचर्या पदविका आणि गुणपत्रके विकली गेल्याचे समोर आले आणि २५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. अधिक अस्वस्थ करणारा भाग पुढेच आहे : ही कागदपत्रे घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण राष्ट्रीय परवाना परीक्षा रीतसर उत्तीर्ण झाले. परीक्षेने विचारले ते त्यांना येत होते. बनावट होती ती वॉर्डात घालवलेल्या तासांची नोंद, आणि ती बनावट आहे हे परीक्षेला ओळखता आले नाही. ऑनलाइन पदवीशी या प्रकरणाचा थेट संबंध नाही. पण लॉगबुकातील सही ही औपचारिकता नसून संपूर्ण इमारतीचा आधार आहे, हे त्याने दाखवून दिले.

यावरून असा अभ्यासक्रम सुरू करताना कामांचा क्रम काय असावा, हे बरेचसे स्पष्ट होते. व्यवहारात बहुतेक चर्चा संगणकीय मंचापासून आणि व्याख्यानांच्या चित्रीकरणापासून सुरू होते, आणि रुग्णालयाशी करार हा शेवटचा टप्पा मानला जातो. क्रम उलटा हवा. प्रथम खाटा आणि वॉर्ड; प्रसूती, बालरुग्ण, मनोरुग्ण, अतिदक्षता या विभागांत विद्यार्थिनीला किती पाळ्या मिळतील, रात्रपाळी मिळेल काय, याची लेखी हमी. मग शेजारी उभी राहणारी व्यक्ती : आधीच ओझ्याने वाकलेल्या सिस्टरवर शिकवण्याचे काम फुकट टाकता येत नाही, तिच्या वेळेचा मोबदला आणि तेवढ्यापुरते तिचे रुग्ण कमी करणे हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग असतो आणि अंदाजपत्रकात तोच सर्वांत आधी कापला जातो. मग सहीची व्यवस्था, म्हणजे कोणी, काय पाहून, कितव्या वेळी सही करायची. पाठ आणि पडदा यांची पाळी त्यानंतरची.

या सगळ्यात एक पदर असा आहे की ज्याविषयी परिचर्याशास्त्रापेक्षा तुलनात्मक साहित्याला अधिक सांगता येईल, तो भाषेचा. पदवी स्तरावरील परिचर्येचे शिक्षण आपल्याकडे इंग्रजीतून चालते. मुक्त विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमाचे माध्यमही इंग्रजीच आहे. केरळातील परिचारिका दिल्ली, मुंबई, इंदूर, नागपूर येथे काम करतात. त्या इंग्रजीत शिकतात, आपसांत मलयाळममध्ये बोलतात, रोग्याशी हिंदीत किंवा मोडक्या-तोडक्या मराठीत, आणि नोंद करतात पुन्हा इंग्रजीत. एका पाळीत असे किती अनुवाद होतात याची गणती कोणी ठेवत नाही. शिक्षण पडद्यावर गेले की देशाच्या एका टोकाला बसलेली अध्यापिका दुसऱ्या टोकाच्या विद्यार्थिनीला शिकवते, आणि रुग्णाची बोली या दोघींच्या संभाषणातून सहज निसटते.

वेदनेचे उदाहरण घेता येईल. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या मॅकगिल वेदना प्रश्नावलीत ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. रोग्याने त्यांतून आपल्या वेदनेचे वर्णन निवडायचे. ही यादी ऑनलाइन पाठातून तासाभरात शिकवता येते. मराठी रुग्ण मात्र विशेषणे निवडत नाही. तो नामे आणि क्रियापदे वापरतो. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सणक जाते, उसण भरते, मुरडा पडतो, मुंग्या येतात, अंग मोडून येते. 'ठणका' म्हटल्यावर अनुभवी सिस्टरचे लक्ष गळवाकडे किंवा पू धरलेल्या जखमेकडे जाते. 'उसण' म्हटल्यावर कमरेकडे. 'कळ' हा शब्द तर वेदनेबरोबर सोसण्याचाही अर्थ वाहतो : 'जरा कळ काढ' म्हणजे थोडे थांब. प्रसूतिकक्षात त्याचे अनेकवचन होते आणि 'कळा' सुरू झाल्या म्हटले की अर्थ पूर्ण बदलतो. मराठीत वेदना रोग्याकडे येते, लागते, निघते, भरते. ती बाहेरून चालून आलेली असते. इंग्रजी यादीत ती रोग्याच्या अनुभवाचा गुणधर्म असते. व्याकरणाचा हा भेद एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवून भरून निघणारा नाही.

'जीव घाबरा होतो' या प्रयोगात तर प्रत्यक्ष धोका आहे. शब्दशः घेतले तर रोगी भ्यायला आहे, त्याला धीर द्यावा, असे परप्रांतीय परिचारिकेला वाटू शकते. मराठी बोलणारा मनुष्य मात्र या शब्दांनी धाप, छातीतील धडधड, घाम सुटणे, आपण आता जातो की काय ही जाणीव असे बरेच काही एकत्र सांगत असतो. आणि हृदयविकाराच्या झटक्यात यांतली कित्येक लक्षणे एकत्र येतात. नोंदवहीत 'रुग्ण चिंताग्रस्त' असे लिहिले गेले तर पुढच्या पाळीची सिस्टर तेवढेच वाचेल. हे वाक्य ज्या चेहऱ्याने, ज्या श्वासाने उच्चारले जाते ते पाहूनच त्याचा अर्थ लागतो, आणि ते पाहताना 'बघ, हे म्हणतात तेव्हा आधी नाडी बघायची' असे सांगणारे कोणी शेजारी असावे लागते. मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थेत विद्यार्थिनी आपल्याच जिल्ह्यातील रुग्णालयात काम करत असल्यामुळे ही अडचण काही अंशी आपोआप सुटत होती. ती कोणी योजून सोडवली नव्हती. देशभर एकाच पडद्यावरून चालणाऱ्या पदवीत ती योजूनच सोडवावी लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक भाषेतील रुग्णांच्या बोलीचा, तिच्या प्रदेशागणिक बदलणाऱ्या छटांसह, अभ्यास हाताशी असणे आवश्यक ठरेल. खानदेशातला रुग्ण, कोकणातला रुग्ण आणि गडचिरोलीतील गोंडी बोलणारा, मराठी दुय्यम भाषा म्हणून वापरणारा रुग्ण एकाच दुखण्याची तीन वर्णने करतील. रूढ लॉगबुकात इंजेक्शने किती दिली, ड्रेसिंगे किती केली, प्रसूती किती पाहिल्या यांचे रकाने असतात. रोग्याचे म्हणणे कोणत्या भाषेत ऐकले आणि कोणत्या भाषेत लिहिले, याचा रकाना नसतो.